तेरवीनंतरचे ५२ लाख: सल्ला, मनःस्थिती आणि एका घराचे निर्णय

नागपूरच्या दक्षिण भागातल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नियम आणि व्याजदर २०२४ मध्ये होते तेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

मे २०२४ मध्ये घरातला कर्ता पुरुष गेला. वय ५७, खासगी कंपनीत नोकरी, निवृत्तीला सात महिने उरलेले. मध्यरात्री छातीत दुखायला लागलं, धंतोलीतल्या एका रुग्णालयात नेलं, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. मागे पत्नी, वय ५५. मुलगी लग्न होऊन वर्ध्याला, मुलगा पुण्यात आयटीत. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. पत्नीला इथे 'काकू' म्हटलं आहे, कारण या प्रकरणात ज्याचा सल्ला सर्वांत जड पडला तो पुतण्या त्यांना काकूच म्हणतो.

त्या तीन दिवसांत आणि पुढच्या दोन आठवड्यांत सगळी धावपळ पुतण्यानेच केली. रात्री दोनला गाडी काढली, रुग्णालयात पैसे भरले, मुलगा पुण्याहून पोचेपर्यंत घाटावरची तयारी केली. अस्थी घेऊन रामटेकला अंबाळा तलावावर तोच गेला आणि तेरवीच्या स्वयंपाकाचा आचारीही त्यानेच ठरवला. मृत्यूचा दाखला, वारस म्हणून लागणारी कागदपत्रं, भविष्य निर्वाह निधीचा नमुना २०, पेन्शनचा १०-डी, विम्याचा ५-आयएफ हे सगळे फॉर्म त्याने काकूंना शेजारी बसवून भरून घेतले. ही मदत खरी होती, आणि तीच धरून पुढचं प्रकरण वाचायला हवं.

येणारी रक्कम अशी होती: उपदान (ग्रॅच्युइटी) १८ लाख, भविष्य निर्वाह निधी २२ लाख, रजेचे ५ लाख आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास निधी कार्यालयाकडून मिळणाऱ्या ईडीएलआय विम्याचे ७ लाख (ही त्या योजनेची कमाल रक्कम). एकूण ५२ लाख. शिवाय काकूंना महिन्याला सुमारे ४,००० रुपये कुटुंब पेन्शन. काकूंनी तोवर पन्नास हजारांच्या वरचा चेक स्वतःच्या सहीने कधी दिलेला नव्हता.

अडचण

तेरवीनंतर चौथ्या दिवशी काकूंनी एक लाखाचा चेक इसार म्हणून दिला. समृद्धी महामार्गाच्या शिवमडका टोकापासून जवळ, हिंगणा तालुक्यातल्या एका लेआउटमध्ये शेजारशेजारचे दोन प्लॉट, प्रत्येकी १,५०० चौरस फूट, भाव चौरस फुटाला १,३०० रुपये. म्हणजे ३९ लाख. उरलेली रक्कम दीड महिन्यात द्यायची, नाहीतर इसार जप्त. पावती साध्या कागदावर. सल्ला पुतण्याचा. "काकू, तुम्ही काऊन टेन्शन घेता? मी आहो नं. काकांच्या मनातच होतं तिकडं घ्यायचं." हे शेवटचं वाक्यही खरं होतं. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हापासून काका तिकडे प्लॉट बघायला जात होते.

जुलैच्या सुरुवातीला ईडीएलआयचे सात लाख खात्यात आले आणि दोन दिवसांत बँकेतून एक तरुण अधिकारी घरी आला. अदबशीर मुलगा, काकांच्या फोटोला हात जोडून बसला. बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्याच ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. तुमचे तर पन्नास येणार आहेत." माहिती अचूक होती, ठेव विमा महामंडळाची मर्यादा २०२० पासून पाच लाखच आहे. काकूंची त्या रात्रीची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्षाला पाच लाख हप्ता, दहा वर्षं भरायचा, अशा एका विमा पॉलिसीवर सही केली.

मधल्या काळात मुलाचा फोन. वडील गेले तेव्हा आपण वेळेवर पोचलो नाही हे त्याला खात होतं आणि इसाराचं त्याला परस्पर कळलं होतं. "आई, तो चोर आहे. तू कोणाचंही ऐकू नकोस. सहा महिने पैशाला हातच लावू नको, एफडीत टाक." काकूंचं उत्तर एवढंच: "तू होतास कुठे तेव्हा?" त्यानंतर तीन आठवडे मायलेकांत बोलणं नव्हतं.

आता आकडे शेजारी ठेवा. प्लॉटला ३९ गेले की उरतात १३. पॉलिसीचा पहिला हप्ता ५ गेला की ८. दुसऱ्या हप्त्याला ३. तिसरा हप्ता भरायला पैसाच नाही, आणि या सगळ्यातून घरखर्चाला महिन्याला शून्य. ही बेरीज-वजाबाकी चौथीतलं पोर करेल, पण जुलैअखेरपर्यंत ती कुणीच केली नाही. प्लॉट पुतण्याच्या फाइलमध्ये होता, पॉलिसी बँकेच्या पाकिटात होती आणि मुलाचं म्हणणं फोनवरच राहिलं. तिन्ही एका कागदावर कधी आलेच नाहीत.

मनात काय चाललं होतं

इथे जरा थांबायला हवं, कारण 'दुःखात माणसाचं डोकं चालत नाही' एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. काकूंचं डोकं चालत होतं. किराण्याच्या बिलात अठरा रुपये जास्त लागलेले त्यांनी त्याच आठवड्यात पकडले होते. फरक एवढाच होता की तीन माणसांचे सल्ले तीन वेगळ्या भावनांतून आत येत होते, आणि प्रत्येक भावना सल्ल्याचं वजन आपापल्या परीने बदलत होती.

पहिली कृतज्ञता. फ्रान्चेस्का जिनो आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना फोटोतल्या माणसाचं वजन ओळखायला सांगितलं, मग एखादी भावना जागी करणारी चित्रफीत दाखवली आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाचा तरी अंदाज सांगून स्वतःचा आकडा बदलायची मुभा दिली. कृतज्ञ झालेल्यांनी परक्याचा अंदाज जास्त मानला. रागावलेल्यांनी कमी मानला. त्या भावनेचा सल्ला देणाऱ्याशी काहीही संबंध नव्हता, तरीही हा फरक पडला. इथे तर कृतज्ञता थेट सल्ला देणाऱ्याबद्दलच होती. ज्याने अस्थी नेल्या त्याला 'सातबारा दाखव' म्हणणं काकूंना कृतघ्नपणाचं वाटत होतं.

दुसरी धास्ती. जिनो, ॲलिसन वुड ब्रुक्स आणि श्वाइट्झर यांच्या २०१२ च्या अभ्यासात चिंतेतली माणसं सल्ला जास्त शोधताना आणि जास्त मानताना दिसली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चांगला सल्ला आणि वाईट सल्ला यांतला फरक ओळखण्यात ती कमी पडली, सल्लागाराचा स्वतःचा फायदा उघड दिसत असतानाही. पाच लाखांच्या मर्यादेच्या भीतीवर साधा उतारा म्हणजे ठेवी वेगवेगळ्या बँकांत विभागणं किंवा सरकारी योजनांत ठेवणं. काकूंनी केलं भलतंच: दहा वर्षांचा हप्ता मागे लावून घेतला. भीती खरी, औषध दुसऱ्याच रोगाचं.

तिसरा राग, आणि तो दोन्ही बाजूंनी. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांनी २००१ मध्ये दाखवलं की भ्यालेला माणूस धोका मोठा धरतो आणि रागावलेला लहान. रागात स्वतःच्या अंदाजाबद्दल खात्री वाटते. मुलाची खात्री याच जातीची होती. पुतण्या चोर नव्हता. पुढे कळलं की त्याच लेआउटमध्ये त्याने स्वतःचे अकरा लाख गुंतवले होते. मुलाच्या बोलण्यातला अर्धा सल्ला उत्तम होता (घाई नको), पण तो शिवीला चिकटून आला, त्यामुळे काकूंनी शिवीबरोबर सल्लाही परत केला. त्या अर्ध्या सल्ल्यातही एक भोक होतं: सहा महिने हात लावायचा नाही तर घर चालवायचं कशावर, हे त्याने सांगितलं नव्हतं.

आणि या सगळ्याखाली दुःख. लर्नर, ली आणि वेबर यांच्या २०१३ च्या प्रयोगांत दुःखी केलेल्या लोकांनी तीन महिने थांबण्याऐवजी, एरवीच्या मनःस्थितीतल्या लोकांपेक्षा १३ ते ३४ टक्के कमी पैसे लगेच घेणं पसंत केलं. काकूंच्या तोंडी सारखं एकच होतं, "एकदाचं आटपून टाकू." इसार देताना, पॉलिसीवर सही करताना, दोन्ही वेळा.

हवामानाचा मुद्दाही लोक काढतात: मे महिना, पंचेचाळीसच्या घरातलं ऊन, कूलरच्या घरघरीत अर्धवट झोप. नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि जेरल्ड क्लोर यांचा १९८३ चा गाजलेला प्रयोग असा: ऊन पडलेल्या दिवशी लोक आपलं आयुष्य जास्त समाधानी असल्याचं सांगत, पण आधी सहज हवामानाची चौकशी केली की हा फरक नाहीसा होई. पुढे मोठ्या चाचण्यांत हा परिणाम फारसा टिकला नाही, त्यामुळे त्यावर इमारत उभी करू नये. तरी त्यातली एक युक्ती (मनःस्थितीचं कारण आधी विचारून घ्यायचं) फुकटची आहे आणि ती पुढे वापरली गेली.

कमिशनची कबुली

हा या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा टप्पा. मुलीने पुतण्याला सरळ विचारलं होतं, "दादा, यात तुला काही मिळतं का?" त्याने काकूंसमोरच सांगितलं, "दोन टक्के मिळतात. आपल्यात काय लपवायचं?" म्हणजे ७८ हजार. मुलीला वाटलं, आता आई सावध होईल. झालं उलटंच. काकूंचा विश्वास वाढला (किती मोकळेपणाने सांगितलं!) आणि शिवाय नाही म्हणणं अवघड झालं. आता नकार दिला तर 'तू दोन टक्क्यांसाठी सांगतोस' असं तोंडावर म्हटल्यासारखं होणार.

सुनीता साह, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डेलियन केन यांनी २०१३ मध्ये यातला दबावाचा भाग नोंदवला. सल्लागाराने स्वतःचा फायदा समोरासमोर सांगितला की लोकांचा त्याच्या सल्ल्यावरचा विश्वास कमी होतो, पण तो सल्ला मानण्याचा दबाव मात्र वाढतो. काकूंच्या बाबतीत विश्वासही कमी झाला नाही, हा नात्याचा परिणाम. दबाव कमी कशाने होतो तेही त्याच अभ्यासात आहे: ही माहिती तिसऱ्याकडून कळली, निर्णय सल्लागाराच्या नजरेआड घेता आला किंवा नंतर बदलता आला, तर. पुढची सगळी पावलं याच तीन गोष्टींवर उभी राहिली, जरी ती उचलणाऱ्याने हा अभ्यास वाचलेला नव्हता.

समोरचे पर्याय

जुलैअखेर मुलीने काकांच्या ऑफिसातल्या एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांना घरी बोलावलं. काकूंच्या दृष्टीने ते 'साहेब'. त्यांचे ना उपकार होते, ना त्यांच्यावर राग. त्या वेळी टेबलावर चार गोष्टी होत्या:

- प्लॉटचा सौदा पुरा करणं. मुदत १५ ऑगस्टपर्यंत वाढवून मिळालेली.
- पॉलिसी चालू ठेवणं.
- शेजाऱ्यांनी सुचवलेली पतसंस्था, ११ टक्के व्याज. हिचा विचार दहा मिनिटांत संपला: पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं, आणि काकूंची मूळ भीती तीच होती.
- पोस्ट, रिझर्व्ह बँकेचे रोखे आणि एफडी यांची वाटणी.

ज्येष्ठ नागरिक योजना (८.२ टक्के, कमाल ३० लाख) काकूंना वयामुळे पाच वर्षं मिळणार नव्हती. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नवऱ्याचे पैसे आले की थेट तिकडे बोट दाखवलं जातं.

काय केलं

साहेबांनी पहिल्या भेटीत एकही सल्ला दिला नाही. बँकेचं पासबुक, किराणेवाल्याची वही, वीजबिलं आणि घरपट्टीची पावती मागितली. वही उघडण्याआधी काकूंना कागदावर एक आकडा लिहायला लावला: महिन्याला किती लागतात? काकूंनी लिहिले १५,०००. बारा महिन्यांच्या हिशोबाची सरासरी निघाली महिन्याला १७,९००, अधिक वर्षातून एकदा येणारे खर्च (घरपट्टी, आरोग्यविमा, दिवाळी, कूलरची गवताची ताटी आणि पंप, वर्ध्याला येणं-जाणं) ५५,२००, म्हणजे महिन्याला ४,६००. एकूण २२,५००. पेन्शन वजा जाता दरमहा १८,५०० कमी पडत होते.

या आकड्याचा फायदा निव्वळ हिशोबापुरता राहिला नाही. इलान यानिव आणि एली क्लाइनबर्गर यांनी २००० मध्ये दाखवलं की माणसाने आपलं मत आधी बनवलं असेल तर तो दुसऱ्याच्या सल्ल्याला त्या मतापेक्षा कमी वजन देतो. एरवी हा दोष समजला जातो. पण जिचं स्वतःचं मत तीन महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं, तिला हा दोष उपयोगी पडला. '१८,५००' हा काकूंचा स्वतःचा आकडा झाला आणि त्यानंतर जो येईल त्याला त्या विचारू लागल्या, "यातून महिन्याचे किती?"

दुसऱ्या भेटीत चार पानं. प्रत्येक पानावर एक पर्याय, सगळी एकाच अक्षरात, सल्ला देणाऱ्याचं नाव कुठेच नाही. प्रत्येकावर तेच सहा प्रश्न: एकूण किती रक्कम, कधी परत, महिन्याला किती हातात, मध्येच गरज पडली तर काय कापलं जाईल, सांगणाऱ्याला काय मिळतं, आणि मूळ कागद कुठे आहे. नाव झाकल्याने काकू फसणार नव्हत्या. कुठलं पान कुणाचं हे त्यांनी पहिल्या ओळीतच ओळखलं. तरीही फरक पडला, कारण कमिशनची ओळ आता पुतण्याच्या तोंडून न येता कागदावरून वाचली जात होती. प्लॉटच्या पानावर दोन जागा कोऱ्या राहिल्या: 'महिन्याला किती' आणि 'मूळ कागद'.

मग कागद. डिजिटल सहीचा सातबारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो, तो काढला. मालक म्हणून तीन नावं होती, विकणाऱ्याने दाखवलेल्या कागदांवर सह्या दोघांच्याच. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. जमीन अकृषक (एनए) झालेली नव्हती; 'ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर मिळालं. लेआउटमध्ये साठाच्या वर प्लॉट होते आणि महारेराच्या (अशा प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी सापडली नाही. आठपेक्षा जास्त प्लॉटचा आणि ५०० चौरस मीटरच्या वरचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. वकिलाने मालकीचा तीस वर्षांचा शोध घ्यायच्या आधीच एवढं हाती आलं.

पॉलिसीबाबत मात्र घड्याळ चालू होतं. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न विचारता परत करता येते. कागद ८ जुलैला कुरिअरने आला होता. सुदैवाने पाकीट फेकलेलं नव्हतं, त्यावर तारीख होती. १ ऑगस्टला विमा कंपनीच्या शाखेत अर्ज, मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक आणि ओळखपत्र देऊन पोच घेतली. बँकेच्या अधिकाऱ्याकडे अर्ज दिला नाही, तो मुद्दाम: असे अर्ज मधल्या माणसाच्या टेबलावर पडून मुदत निघून जाते आणि समोर बसून मन वळवलं जातं ते वेगळंच. मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास कापून बाकी रक्कम परत आली.

पुतण्याला नकार कसा द्यायचा यावर सर्वांत जास्त वेळ गेला. मुलाचं म्हणणं, मी सांगतो. साहेबांनी ते बाजूला ठेवलं. काकूंनी स्वतः व्हॉट्सॲपवर लिहिलं, समोरासमोर नाही: "बाळा, तू केलंस ते कोणी करणार नाही. वकील म्हणतात तिसऱ्या मालकाची सही आणि एनए झाल्याशिवाय पैसे देऊ नका. ते झालं की बघू. तुझेही पैसे तिथे आहेत, तूही कागद दाखवून घे." उपकार आणि सौदा दोन वेगळ्या वाक्यांत ठेवले आणि नकाराचं कारण माणसावर न ढकलता सातबारावर ठेवलं. पुतण्या चिडला, दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तिसऱ्या मालकाबद्दल स्वतः चौकशी सुरू केली.

सहीबाबत एक नियम ठरला: ज्या दिवशी पैशाबद्दल बोलायला कुणी घरी आलं त्या दिवशी कशावरही सही नाही. आणि वहीत तीन ओळी: झोप किती, जेवण झालं का, आज राग किंवा रडू कशाने आलं. ही ती हवामानाच्या प्रश्नातून घेतलेली युक्ती. तीन ओळी दोन आठवड्यांत बंद पडल्या. सहीचा नियम आजही चालू आहे.

पैशाची वाटणी अशी झाली. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना: एका नावावर कमाल ९ लाख, ७.४ टक्के, महिन्याला ५,५५०. रिझर्व्ह बँकेचे बदलत्या व्याजाचे बचत रोखे: २० लाख, ८.०५ टक्के, वर्षाला १,६१,०००, सरासरी महिन्याला १३,४१६. दोन्ही मिळून १८,९६६, गरज १८,५००. बाकीच्यातून चार बँकांत साडेचार-साडेचार लाखांच्या एफडी आणि ५ लाख लगेच काढता येतील असे.

परिणाम

घर चालतंय. पण अडचणी आल्याच. रोख्यांचं व्याज दर महिन्याला येत नाही, १ जानेवारी आणि १ जुलैला येतं. पहिल्या डिसेंबरात काकूंना हाताशी ठेवलेल्या पाच लाखांतून काढावे लागले आणि 'पैसे कमी पडले' या धास्तीने त्यांनी दोन रात्री काढल्या. खरं तर फक्त वेळापत्रकाचा प्रश्न होता. तेवढ्यासाठी बचत खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवून ठेवली की भागतं. दुसरं, व्याज एकूण साडेतीन लाखांच्या घरात गेल्याने १५-जी (व्याजावर उद्गम कर, म्हणजे टीडीएस, कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म) भरता आला नाही (त्यासाठी व्याज मूळ सूट-मर्यादेच्या आत हवं, ती तेव्हा नव्या प्रणालीत ३ लाख). सवलतीमुळे कर शून्यच, पण उद्गम कर कापला गेला आणि तो विवरणपत्र भरून परत मिळवावा लागला.

इसारातले ७५ हजार पाच महिन्यांनी परत आले, वकिलाची नोटीस आणि पुतण्याचे हेलपाटे दोन्ही लागले. २५ हजार गेले. पुतण्याचे अकरा लाख हे लिहिताना अजून तिथेच आहेत. मुलगा दिवाळीला आला. 'चोर' हा शब्द त्याने परत घेतला की नाही याची नोंद नाही, पण तिसऱ्या मालकाच्या शोधासाठी वकिलाची फी त्याने भरली.

काय वेगळं करता आलं असतं

इसार द्यायच्या दिवशी पंधरा रुपयांचा सातबारा काढला असता तर २५ हजार वाचले असते. हे उघड आहे, आणि त्या दिवशी ते कुणाला सुचणं अशक्य होतं हेही तितकंच उघड. म्हणून खरी संधी त्याच्याही आधी, तेरवीच्या दिवशी होती. सगळे नातेवाईक घरात असताना एवढंच ठरवायला हवं होतं की फॉर्म भरणं आणि धावपळ पुतण्याकडे, पैशाच्या जागा बघणं त्याच्याकडे नाही. तेव्हा हे अपमानाचं वाटलं नसतं, उलट एवढं ओझं कशाला म्हणून बोललं गेलं असतं. प्लॉटचं नाव निघाल्यावर तीच गोष्ट संशय ठरली.

मुलाला दोन वाक्यं लिहून पाठवता आली असती: "महिन्याला किती लागतात ते आधी काढू. तोवर ९१ दिवसांची एफडी." त्याच्या फोनमधला खरा मजकूर एवढाच होता. रागावलेल्या माणसाने आपला चांगला सल्ला दुसऱ्याच्या तोंडून पाठवावा. इथे बहीण होती आणि तिच्यावर आईचा राग नव्हता.

साहेबांच्या आराखड्यावरही एक आक्षेप आहे. २० लाख रोख्यांत म्हणजे सात वर्षं अडकले. मुदतीआधी ते मोडायची सोय फक्त साठीच्या पुढच्यांना, तीही ठरावीक वर्षांनंतर. साहेब आयुष्यभर सरकारी कागद हाताळत आले, त्यांचा कल तिकडे असणारच. काकू तोवर त्यांच्याबद्दल कृतज्ञ झाल्या होत्या आणि त्यांच्या पानावर सहा प्रश्न कुणी विचारले नाहीत. १२ लाख रोख्यांत आणि ८ लाख महिन्याला व्याज देणाऱ्या एफडीत ठेवले असते तर हातात थोडे कमी आले असते, पण गळफास सैल राहिला असता.

काकांच्या प्लॉटच्या इच्छेचं काय करायचं, हे चारही पानांवर नव्हतं. सगळे ५२ लाखांवर बोलत होते आणि काकूंच्या मनात शिवमडक्याची माती होती. पंधराव्या महिन्यात त्यांनी स्वतःहून विषय काढला: एक छोटा प्लॉट, मंजूर लेआउटमधला, नऊ लाखांपर्यंत, आठ लाख एफडीतून आणि एक हाताशी ठेवलेल्या रकमेतून. त्यामुळे महिन्याच्या १८,५०० ला धक्का बसत नाही, पण अचानकच्या आजारपणासाठी राखलेला पैसा कमी होतो. पाचवं पान लिहून झालं आहे, यावेळी काकूंच्याच अक्षरात. 'सांगणाऱ्याला काय मिळतं' या ओळीपुढे त्यांनी लिहिलंय, 'सांगणारी मीच'. वकिलाचा शोध अहवाल अजून यायचा आहे.